ताण कमकुवत मनाचा नसतो: एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘ताण कामामुळे येत नाही, कमकुवत मनामुळे येतो’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या नोकरदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. एरवी अशा मजकुराकडे मी दुर्लक्ष करतो. पण हा माझ्या भाचीच्या साहेबांनी कार्यालयाच्या गटावर टाकला आणि कित्येक महिने धड झोप न लागल्याने डॉक्टरांकडे जायचे ठरवलेल्या त्या मुलीने तो वाचून ती भेटच रद्द केली. तेव्हा पुढील मजकुरात चीड डोकावली, तर ती आहेच असे समजावे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: आपले आजे-पणजे बारा-बारा तास राबत आणि कधी कुरकुर करत नसत, दबावाखालीच माणूस उत्तम काम करतो, हे हार्वर्डने १९०८ मध्येच सिद्ध केले, खरा ताण वरच्या खुर्चीला असतो, खालच्यांनी त्याचे सोंग आणू नये, आणि रोज पाच मिनिटे दीर्घश्वसन केले की रजा, औषध, डॉक्टर यांपैकी कशाचीही गरज उरत नाही.

आज्या-पणज्यांचा मुद्दा चार ओळींत आटोपतो. मुंबईचे गिरणी कामगार कुरकुर करत नव्हते असे ज्याला वाटते, त्याने नारायण मेघाजी लोखंडे हे नाव ऐकलेले नसावे. लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून मागण्या रेटल्या आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी पदरात पाडून घेतली. पुढे बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा १९२२ च्या कायद्याने ६० तासांवर, १९३४ मध्ये ५४ वर आणि १९४६ मध्ये ४८ वर आला, तोही कोणी खूश होऊन दिला म्हणून नव्हे. हा संदेश रविवारी सकाळी निवांतपणे पुढे ढकलणाऱ्यांनी ती सुटी कोणाच्या कुरकुरीतून मिळाली, एवढे तरी लक्षात ठेवावे.

हार्वर्डचे ते संशोधन यर्क्स आणि डॉडसन यांचे आहे आणि ते उंदरांवर केलेले आहे. उंदरांनी काळा व पांढरा मार्ग ओळखायला शिकावे म्हणून, चुकल्यास त्यांना विजेचा झटका दिला जाई. ओळखणे सोपे असताना झटका जोरदार असला तर उंदीर लवकर शिकले. ओळखणे कठीण झाल्यावर मात्र जोरदार झटक्यांनी शिकणे लांबले. म्हणजे संदेशाने ज्याचा हवाला दिला, तोच प्रयोग अवघड कामाला जास्त दबाव मारक ठरतो असे सांगतो. कर्मचाऱ्यांना उंदरांच्या जागी बसवण्याचा मोह आवरत नसेल, तर निदान निष्कर्ष तरी पूर्ण वाचावा.

आता वरच्या खुर्चीचा दावा. संदेशातील सर्वांत चुकीचे आणि सर्वांत उर्मट विधान हेच आहे. लंडनमधील ब्रिटिश सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यातील सुमारे १८ हजार पुरुष नोकरीत होते, बहुतेक जण टेबल-खुर्चीचे काम करणारे होते आणि सर्वांना सरकारी आरोग्यसेवा उपलब्ध होती. तरीही शिपाई-द्वारपालांच्या सर्वांत खालच्या श्रेणीतील मृत्युदर सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर खाली उतरावे तसा हृदयविकाराचा धोका वाढत गेला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही या फरकाचा निम्म्याहून कमी भाग उलगडला. म्हणून १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्री-पुरुषांचा दुसरा अभ्यास सुरू झाला आणि त्यातून १९९७ मध्ये जे प्रसिद्ध झाले, ते प्रत्येक साहेबाने वाचावे असे आहे: श्रेणींमधील हृदयविकाराच्या फरकामागे सर्वांत मोठा वाटा कामावरील नियंत्रणाच्या अभावाचा होता. साहेबांवर जबाबदारी मोठी असते, हे मान्य. पण कोणते काम आधी करायचे, कोणते उद्यावर टाकायचे आणि कोणते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच असतो. संध्याकाळी सहा वाजता ‘हे आजच हवे’ असा निरोप येतो तेव्हा माझ्या भाचीपाशी यातला एकही पर्याय नसतो, आणि उशीर झाला की उत्तर मात्र तिलाच द्यावे लागते. यात कमकुवत मनाचा संबंध कुठे येतो?

जास्त तासांनी काही बिघडत नाही, हा संदेशाचा गर्भितार्थही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

दीर्घश्वसनाबद्दल मात्र संदेश अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. श्वास संथ केल्याने धडधड कमी होते, सादरीकरणापूर्वीची घबराट ओसरते आणि त्याला पैसाही लागत नाही. मीही ते करतो. पण ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासणाऱ्या २०२४ मधील अभ्यासात ध्यान, मनाच्या लवचीकतेचे प्रशिक्षण, अ‍ॅप अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा सुखी आढळले नाहीत. दोन माणसांचे काम एकावर टाकायचे आणि वर श्वासाची कार्यशाळा भरवायची, हा व्यवहार आपल्याकडच्या मनुष्यबळ विभागांनाही चांगलाच अवगत आहे. त्यापेक्षा रिकामी पदे भरणे, कामाचा क्रम करणाऱ्याला विचारून ठरवणे आणि सुटीच्या दिवशी फोन न करणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. पण त्यासाठी साहेबांना स्वतःला काही बदलावे लागते.

राहिले ‘डॉक्टरांची गरज नाही’ हे वाक्य. आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, छातीत दुखणे, जगणे नकोसे वाटणे यांपैकी काहीही होत असेल तर डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखत असेल तर ताबडतोब. लगेच जाणे जमत नसेल आणि मनाचा त्रास असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. भाचीला मी डॉक्टरांची वेळ पुन्हा घ्यायला लावली आहे आणि तिच्या साहेबांना हा मजकूर त्याच गटावर पाठवणार आहे.