पाचशे रुपयांत फोर बाय फोर? आधी घाट उतरून दाखवा

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला आक्काचा फोन. "नाना, हाऊ पोऱ्या मन्हं आयकत नही. सकायमा गाडी वेल्डिंगवालाकडे ली जाई ऱ्हायना." पोऱ्या म्हणजे माझा भाचा, शहाद्याच्या बाजूला राहतो. गाडी म्हणजे त्याची जुनी बोलेरो पिकअप. केळी, कांदा, सिमेंट काहीही वाहते. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा मागच्या हौद्यात माणसंही असतात (नेऊ नयेत, पण नेतात, उगाच खोटं कशाला बोला). आणि वेल्डिंग कशाला करायचं होतं? डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या आसाच्या मधल्या त्या गोळ्याला, ज्यातले गिअर वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतात.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्याकडे तीन ग्रुपवर आला, एकात तर लग्नपत्रिकेच्या खाली. "जुनी पिकअप भंगारात देऊ नका! वीस हजारात डोंगरची राणी बनवा." त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: डिफरन्शियल वेल्ड करा, पाचशे रुपयांत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद. मागच्या कमानीचे पाटे वाढवून गाडी चार इंच उचला. ३१ इंची टायर टाका. मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह काढून टाका. स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून ओढणारी नळी) लावा, मग नदीतून बिनधास्त जा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढा. वाळूत टायरची हवा निम्मी करा. आणि शेवटी, आरटीओ फक्त इंजिन आणि चेसिस नंबर बघतो, घाबरू नका.

लिहिणाऱ्याने गाडी कधी घाटातून खाली आणलेली नाही, हे पहिल्याच ओळीत कळतं. म्हणून सुरुवातही तिथूनच.

पहिलं म्हणजे याला फोर बाय फोर म्हणणंच खोटं. पुढच्या चाकांना ताकद द्यायची तर ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी लागते, पुढचा वेगळा डिफरन्शियल लागतो, पुढे जाणारा शाफ्ट लागतो. मागचा गोळा वेल्ड केल्याने पुढची चाकं फिरायला लागत नाहीत. फार तर मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात.

यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात किंवा हवेत लटकलं की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही, मग दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक चाक गरगर फिरतं, गाडी जागची हलत नाही. वेल्ड केल्यावर दोन्ही चाकं बरोबर फिरतील आणि गाडी त्या खड्ड्यातून निघेलही. शर्यतीच्या गाड्यांत हे करतात. पण ती गाडी ट्रेलरवर घालून मैदानात नेतात, शहादा ते तोरणमाळ सिमेंट भरून नेत नाहीत.

आता तोरणमाळच्या सातपायरी घाटात चला. तिथलं एखादं वळण जवळजवळ पूर्ण मागे फिरवतं. मागच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. अशा वळणात बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त जावं लागतं. शाळेतलं गणित आहे, दीड गुणिले पाय (३.१४). वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. भाच्याच्या गाडीला १५ इंची रिमवर २१५/७५ चा टायर आहे, त्याचा एक फेरा होतो २.२ मीटरचा. म्हणजे एकाच वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा दोन फेरे जास्त फिरायला हवं. डिफरन्शियल बनवलाय तो नेमका यासाठी. तुम्ही तो वेल्ड केलात की हे दोन फेरे जाणार कुठे? टायर घासून निघतील, नाहीतर एक्सल पिळला जाईल. कोरड्या डांबरावर टायर किंचाळतात. ओल्यावर त्यांना धरायलाच काही नसतं, मग गाडी वळायचं नाव न घेता सरळ जाते, किंवा रिकामी असेल तर मागचा भाग झटक्यात बाहेर फेकला जातो. सरळ गेल्यावर पुढे काय असतं, ते चांदसैली घाट उतरणाऱ्याला विचारा.

माझ्या गॅरेजात कपाटाच्या वरच्या फळीवर तेलकट कापडात गुंडाळलेला एक एक्सल आहे. काही वर्षांपूर्वी अशाच वेल्ड केलेल्या पिकअपचा काढलेला. त्याच्या टोकाचे स्प्लाइन, म्हणजे त्या उभ्या सरळ खाचा, सुंभासारखे पिळलेत. बोट फिरवलं तर पीळ हाताला लागतो. गाडी सपाट रस्त्यावर होती म्हणून ड्रायव्हर घरी गेला. भाच्याने आल्यावर तो एक्सल हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. फोनवर मात्र हाच म्हणत होता, "मामा, पाचशे रुप्यामा काम व्हई जास."

आणि वेल्डिंग तरी कसलं? आतल्या गिअरांचं पोलाद वरून कडक केलेलं असतं. ते आधी नीट तापवायचं, वेल्ड झाल्यावर हळूहळू थंड होऊ द्यायचं, हे गेट आणि नांगर जोडणाऱ्या दुकानात होत नाही. साधी रॉड लावून चार टाके मारले की जोडाच्या शेजारी चीर पडते. ती कधी सुटेल ते सांगता येत नाही. सुटलेला तुकडा क्राउन आणि पिनियनच्या (गोळ्यातल्या मुख्य गिअरांच्या) दातांत अडकला तर मागची दोन्ही चाकं एकदम जाम होतात. उतारावर, भरलेल्या गाडीची, हौद्यात माणसं असताना. मेसेजमध्ये याबद्दल अक्षर नाही. अंगठा वर केलेली तीन चित्रं मात्र आहेत.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो.

पाटे वाढवून गाडी चार इंच उचला म्हणे. उचलली. पण डिफरन्शियलचा गोळा चाकांच्या आसावर बसलेला असतो, पाट्यांवर नाही. वर जाते ती चेसिस आणि हौदा. गोळा दगडावर आपटायचा तो तेवढ्याच उंचीवर आपटणार. उलट प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात, आणि रिकामी गाडी खडीवर सशासारखी उडते. जुने पाटे बसले असतील तर कमान काढून बदला, बुश बदला, तुटक्याच्या जागी नवा पाटा टाका. ती दुरुस्ती झाली. सहा पाट्यांचे दहा करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

गोळा खरंच वर जातो तो मोठ्या टायरने. किती, ते मोजा. २१५/७५ चा टायर साधारण ७०३ मिलिमीटर उंच, ३१ इंची ७८७. फरक ८४, त्यातला निम्माच गोळ्याखाली मिळतो. सव्वाचार सेंटिमीटरही नाही. त्यासाठी गिअरचा जोर जवळजवळ अकरा टक्के कमी, काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६७ ने पळणार, आणि चाक मोठं झाल्याने त्याच ब्रेकला जास्त जोर लावावा लागणार. चढावर दुसऱ्या गिअरचं काम पहिल्यात होईल. पैसे जास्त झाले असतील तर टाका.

तो मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह मात्र थांबून बघण्यासारखा आहे. ज्या पिकअपला असतो तिथे त्याची एक दांडी आसाला आणि दुसरं टोक चेसिसला असतं. माल भरला, चेसिस खाली बसली, की व्हॉल्व्हला कळतं आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरेल. आता मेसेजप्रमाणे गाडी चार इंच उचलली आणि व्हॉल्व्ह ठेवला, तर भरलेली गाडीही त्याला रिकामीच वाटणार, मागचा ब्रेक कमी. व्हॉल्व्ह काढला, तर रिकामी गाडी पावसात फिरणार. दोन्हीकडून मेलात. ज्याने हे दोन मुद्दे एकाखाली एक लिहिले, त्याला ते एकमेकांशी जोडलेले आहेत हेही माहीत नाही.

स्नॉर्कलबद्दल एवढंच. हवा उंचावरून ओढली तर इंजिनात पाणी जाण्याची शक्यता कमी होते, खरं आहे. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून ती नळी असते. उन्हाळ्यात पुढच्या गाडीची धूळ थोडी कमी ओढली जाते, तेवढाही फायदा धरा. पण फरशी पुलावरून वाहणारं पाणी नळी बघत नाही. अमेरिकेचं हवामान खातं वर्षानुवर्षं बजावतंय की दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, त्यात पिकअपही आल्या. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नवापूरला रंगावली नदीच्या पुराने काय केलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना अमेरिकेचीही गरज नाही.

थर्मोस्टॅट: आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो म्हणून जुने मेकॅनिकही तो काढून टाकतात. इंजिन गरम होतं ते बुजलेल्या रेडिएटरने, सैल पट्ट्याने, गेलेल्या वॉटर पंपने. ते करा. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन डिसेंबरात नीट तापतच नाही, डिझेल खातं आणि लवकर झिजतं.

हवा निम्मी करायचं बरोबर आहे. हो, बरोबर आहे. अनेरच्या पात्रातल्या वाळूत टायर चपटा झाला की जास्त जागेवर टेकतो, रुतत नाही. फक्त मेसेजवाल्याने पुढची ओळ खाल्ली: डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची. पंप जवळ नसेल तर हवा सोडायचीच नाही. निम्म्या हवेवर माल घेऊन मेच्या दुपारी पळालात तर टायर तापून फुटतो.

आता आरटीओ. इथे माझं मत जाऊ द्या, कायदाच बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी किट आणि दिव्यांगांसाठीचे बदल यांना त्यात वाट ठेवलेली आहे, तीही अटी घालून. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला: उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा होऊन कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. मेसेजमधले बदल मोजा आणि पाच हजाराने गुणा, वीस हजारात राणी येते का बघा. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. एमएच १८ असो, १९ असो की ३९, तिथे गाडी उभी करावीच लागते. आणि अपघात झाल्यावर विमावाला फक्त चेसिस नंबर बघून परत जात नाही.

मग चिखलात काय करायचं, असं भाच्याने विचारलंच. ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे तिला दोन-तीन दात हँडब्रेक ओढा आणि हळू गती द्या. मोकळं फिरणाऱ्या चाकाला अडकाव होतो, मग दुसऱ्यालाही जोर मिळतो. फुकट आहे, वेल्डिंग लागत नाही, रस्त्यावर आलात की सोडून द्यायचं. काळ्या मातीत टायरच्या नक्षीत चिखल भरून चाकाचा गुळगुळीत लाडू होतो, तिथे वेल्ड केलेला डिफरन्शियलही दोन्ही चाकं बरोबरीने पुरतो. तिथे चाकाखाली पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) घाला, आपले आजोबा बैलगाडीला घालायचे तशा.

रविवारी त्याने गाडी माझ्याकडे आणली. मागचे दोन्ही टायर तळहातासारखे गुळगुळीत. हँडब्रेकची केबल उजवीकडे गंजून धरलेली. डिफरन्शियलचं तेल काढलं तर चहासारखं दुधाळ. हौसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छिद्र, मातीने बुजलेला, त्यामुळे गाडी ओढ्यात थंड झाल्यावर सीलमधून पाणी आत ओढलं जात होतं. डाव्या चाकाचं सील गेलेलं, ब्रेक लायनर तेलाने माखलेलं. डोंगरची राणी व्हायला निघालेल्या गाडीला एका बाजूला ब्रेकच नव्हता. दोन्ही सील, लायनरचा जोड, केबल, नवं तेल, कंपनीच्याच साइझचे खोल नक्षीचे दोन टायर. ब्रीदरला नळी जोडून ती वर चेसिसला बांधली, टायर सोडले तर सगळ्यात उपयोगी काम तेच, आणि नळी दोनशेच्या आत आली.

वेल्डिंगवाल्याला त्याने तेवढेच दोनशे आगाऊ दिले होते. ते परत मिळाले नाहीत, आक्काने त्यात गोठ्याच्या दाराची कडी बसवून घेतली.