‘दिवसाला चारच कॉल, मग थकवा कसला?’

अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांबद्दल एक मजकूर पुण्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय: बारा तासांत चार कॉल, बाकी वेळ गाडीत झोप, बर्नआउट (कामाच्या ताणाने पार गळून जाणं) हे नवं खूळ, झेपत नसेल तर नोकरी सोडा. मजकूर चुकीचा आहे आणि या लोकांवर अन्याय करणारा आहे.

‘चारच कॉल’. पेशंट ससून रुग्णालयाच्या दारात पोचला की या हिशोबात कॉल संपतो. प्रत्यक्षात आत ट्रॉली मोकळी नसली की पेशंट गाडीच्याच स्ट्रेचरवर राहतो आणि स्ट्रेचर सुटेपर्यंत गाडी अडकते. मग सक्शनची (घशातला स्राव ओढून घेणाऱ्या यंत्राची) बाटली धुवायची, रक्त पुसून १ टक्का हायपोक्लोराइट हे जंतुनाशक लावायचं आणि १० मिनिटं तसंच ठेवायचं, सुया पांढऱ्या डब्यात टाकायच्या, ऑक्सिजनचा काटा बघायचा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास पुरतो. अर्ध्यावर आलेला सिलिंडर तसाच ठेवून वाघोलीचा पेशंट उचलला आणि नगर रोडला कोंडी लागली, तर सव्वा तासच हातात उरतो. शिवाय पेठेतल्या जुन्या वाड्यात चाकाचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरत नाही. ८० किलोचा माणूस चादरीत किंवा खुर्चीत घालून दोघांनी उतरवायचा. कंबर जाते ती इथे.

‘बाकी वेळ झोप’. कधीही तुटू शकणारी डुलकी म्हणजे विश्रांती नव्हे. गाढ झोपेतून दचकून उठल्यावर काही मिनिटं डोकं जड असतं, आणि नेमकं तेव्हाच औषध भरायचं असतं. अ‍ॅड्रेनलिनची १ मिलीची अ‍ॅम्प्यूल तीच: मोठ्या माणसाला अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका आला तर अर्धा मिली मांडीच्या स्नायूत, हृदय बंद पडलं तर पूर्ण, शिरेतून. पेंगत असताना इथे गफलत होते.

‘नवं खूळ’. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची सविस्तर व्याख्या केली, तीही आजार म्हणून नव्हे, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून: शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबताना मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल, आणि दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा असा नियम आहे, कारण थकल्यावर दाब उथळ पडतात. ड्रायव्हर स्टिअरिंगवर गेला की मागे बदलायला कोण असतं? पेशंट गेला की ‘मी कमी पडलो’ हे तिथूनच मनात घर करतं.

‘नोकरी सोडा’. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती. त्याच कायद्याच्या कलम ३८ने आजारी आणि जखमींना नेणारी वाहनं वगळली होती. एसटीच्या ड्रायव्हरला जे संरक्षण मिळालं, ते अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला त्या कायद्याने दिलंच नाही. रिलीव्हर (पुढच्या पाळीचा बदली माणूस) आला नाही तर गाडी उभी ठेवून घरी जाता येत नाही. बाराचे चोवीस तास होतात ते असे. म्हणून जादा रिलीव्हर नेमा, आणि गाडी पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ कॉलमध्ये मोजा.