ध्रुवतारा दिसतो, मग ड्रिफ्ट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, दुर्बिणीच्या माउंटचा (ती पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचा) अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवा असं माउंटच्या पुस्तिकेत असताना मी तो दक्षिणेला ठेवायला सांगून नवख्यांची दिशाभूल करतो. आणि ध्रुवतारा समोर दिसत असताना ड्रिफ्टमध्ये, म्हणजे दुर्बिणीत तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारण्यात, वेळ घालवायला लावतो.

पायाचं आधी. पुस्तिकेतला सल्ला ४०-५० अंश अक्षांशांवर चोख आहे. तिथे काउंटरवेटचा (दुर्बिणीचा तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा पुढे तिरपा निघतो आणि पायापासून दूर राहतो. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर कुठेही घ्या, आपण २०-२१ अंशांच्या आसपास. इथे ध्रुवाक्ष (ध्रुवाकडे रोखलेला तो अक्ष) बराच आडवा होतो, माउंटचं डोकं उत्तरेकडे झुकतं आणि दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबून उत्तरेच्या पायाला अडतो. दोन पाय उत्तरेला केले की तो मधून फिरतो. तोल जाईल ही तुमची भीती रास्त आहे, म्हणून पाय पूर्ण फाकवा आणि ट्रायपॉड बुटका ठेवा. अझिमथचा खुंटा (माउंट डावी-उजवीकडे वळवायचे स्क्रू ज्याला टेकतात तो) हलवता येत नसेल तर मात्र हे जमणार नाही. मग माउंटखाली उंची वाढवणारा खांब बसवून पाय उत्तरेलाच ठेवावा.

ध्रुवताऱ्याबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. गावातल्या पोरांना शनीचं कडं दाखवायचं असेल तर पोलार स्कोप (माउंटच्या अक्षातली ध्रुवतारा बघायची छोटी दुर्बीण) पुरेसा आहे. लांब एक्स्पोजरच्या फोटोला तो कित्येकदा पुरत नाही. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून २० अंशांच्या आसपासच असतो, आणि २० अंशांवरचा तारा डोक्यावरच्या ताऱ्याच्या जवळजवळ तिप्पट हवेतून दिसतो. त्यात कुणी धुऱ्यावरचा काडीकचरा पेटवलेला असतो, नाहीतर उत्तरेला मोहाचं झाड आडवं येतं. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून ०.६ अंशांहून थोडा जास्त दूर आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून अधिक. तो नुसता मधोमध आणून चालत नाही, पोलार स्कोपमधल्या खुणांच्या जाळीवर नेमक्या जागी बसवावा लागतो.

ड्रिफ्टचे तारे मात्र इथे फार सोयीचे. हिवाळ्यात मृगातल्या बाणाचा पश्चिमेकडचा तारा, मिंटाका, जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर) आहे; दक्षिणेला सर्वांत उंच येतो तेव्हा आपल्याकडे तो ७० अंशांच्या आसपास असतो, स्वच्छ हवेत. ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी मोटर) चालू ठेवून बघा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला कललाय, पश्चिमेकडे वळवा. मग पूर्वेला विषुववृत्ताजवळचाच तारा धरा, क्षितिजापासून निदान ३० अंश वर. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उचला. आयपीसमधली (डोळा लावायच्या भिंगातली) दक्षिण ओळखायला नळी ध्रुवाकडे किंचित ढकला. तारा ज्या बाजूने बाहेर जातो ती दक्षिण. अल्टिट्यूडच्या (अक्ष वर-खाली करणाऱ्या) बोल्टवर इथे जास्त ताण येतो, म्हणून शेवटची हालचाल नेहमी वर उचलण्याची असू द्या.

आणि हे सगळं वावरातल्या काळ्या मातीत करणार असाल तर तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे हवेतच. पावसाळा संपल्यावर ती माती वरून कोरडी दिसते, पण वजनाखाली हळूहळू दबत राहते आणि केलेलं अलाइनमेंट बिघडतं.

तुमचं माउंट कोणतं आणि त्याचा खुंटा हलतो का, तेवढं कळवा. त्यावरून पाय कुठे ठेवायचा ते नक्की सांगता येईल.