शॉकअपला ग्रीस चोपडून ट्यूब बांधू नका

पावसाळा तोंडावर आला की गाडीवाल्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. थार, जिम्नी, गुरखा घेऊन माळशेज-कर्जतच्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्यांनी म्हणे दगड-चिखलापासून वाचवायला शॉकअपच्या रॉडला (नळीतून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याला) ग्रीस चोपडावं, त्यावर सायकलची जुनी ट्यूब घट्ट बांधावी, चिखल लागला की प्रेशरच्या पाण्याने धुवावं आणि वरून डिझेल फवारावं. हेतू चांगला आहे, पण चारही सूचना शॉकअपचं आयुष्य कमी करणाऱ्या आहेत.

आधी ग्रीस. रॉडला बाहेरून वंगण लागत नाही. त्यावर हार्ड क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या कठीण मुलाम्याचा, गुळगुळीत थर असतो आणि आतल्या तेलाचा अगदी पातळ पापुद्रा त्याला पुरतो. रॉड जिथून आत जातो तिथे आतलं तेल अडवणारी रबरी ऑइल सील असते. तिची बाहेरची कड आत जाणाऱ्या रॉडवरची धूळ पुसून काढते. कोरडी धूळ ती सहज पुसते. ग्रीसमध्ये रुतलेली रेती मात्र झडत नाही, गाडी प्रत्येक खड्ड्यात दबली की ती त्याच कडेवर घासली जाते. व्हॉल्व्ह घासायला मिस्त्री जी पेस्ट वापरतात, तीही ग्रीसमध्ये कालवलेली खरखरीत पूडच असते.

ट्यूबचा सल्ला सर्वांत घातक. 'कंपनीसुद्धा रबरी बूट देतेच की,' असं त्या मेसेजमध्ये म्हटलंय. देते, पण तो बूट चुण्यांचा आणि सैल असतो, त्याला हवा-पाणी जायला वाट ठेवलेली असते. रॉड आत-बाहेर होताना बुटातली हवाही आत-बाहेर व्हावी लागते. घट्ट बांधलेली ट्यूब फटीतून चिखलाचं पाणी ओढून घेते आणि ते आतच राहतं. मुंबईच्या हवेत मीठ आहे, त्यात कुणी गोराई-अलिबागच्या किनाऱ्यावरून आलेलं असतं. हार्ड क्रोममध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. खारट ओल त्यांतून खालच्या पोलादापर्यंत पोहोचते, गंज धरतो, क्रोमला खड्डे पडतात, आणि मग तो रॉड सीलला कानशीसारखा लागतो.

भांडुपच्या माझ्या एका मित्राने जूनमध्ये पुढच्या दोन्ही शॉकअपना ट्यूब बांधली होती. एका बाजूची वाटेतच कुठेतरी निसटून पडली. गणपतीनंतर गाडी वर घेतली तेव्हा उघड्या राहिलेल्या बाजूचा रॉड स्वच्छ होता. ट्यूबवाल्या रॉडवर दोन बोटं रुंद तपकिरी पट्टा होता आणि तेल खालच्या जोडातल्या रबरी बुशपर्यंत ओघळलेलं. एका गाडीवरून नियम ठरत नाही, मान्य. पण ट्यूब कापल्यावर आतून ओली रेती पडली, ती मी स्वतः पाहिली.

काही जण तर अख्खा शॉकअप रेक्झिनने गुंडाळतात. गाडीची उसळी शोषताना शॉकअप तापतो आणि ती उष्णता बाहेरच्या नळीवरून हवेत जाते. नळी झाकली की तेल जास्त तापून पातळ होतं आणि गाडी डुलायला लागते.

मेसेजमधली दगडांची भीती मात्र खरी आहे. मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीच्या शॉकअपमध्ये रॉडच्या टोकाचा पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो, त्यामुळे साधा पोचाही त्याला अडकवू शकतो. ट्विनट्यूबला आत वेगळी नळी असल्याने तो थोडं सहन करतो. दगडाळ वाटेवर नेहमी जात असाल तर दगड येतात त्या बाजूला पत्र्याचा गार्ड लावा. तो मागून उघडा हवा, नळीला चिकटलेला नको. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि चाक पूर्ण दाबून तो कुठे लागत नाही ना, ते पाहून घ्या.

प्रेशरची धार सीलवर सरळ मारली तर तीच रेती कडेच्या पलीकडे ढकलली जाते. साध्या पाइपने, चिखल वाळण्याआधी धुवा. किनाऱ्यावरून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने. डिझेल तर नकोच, नैसर्गिक रबराचे बुश त्याने फुगतात आणि मऊ पडतात.

धुऊन झाल्यावर रॉड सुती फडक्याने पुसा आणि त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ती सील फार दिवस टिकणार नाही. नळीवर तेलाचा हलका ओलावा चालतो, ओघळ चालत नाही.

ज्यांनी ट्यूब आधीच बांधली आहे, त्यांनी ती ओढून काढू नका, आतली रेती रॉडवर घासेल. कात्रीचं बोथट टोक आत सरकवून रॉडला न लावता उभी कापा, आणि गाडी हलवण्याआधी रॉड धुऊन घ्या.