आकडा तुमच्याकडेच आहे, मग मला का विचारता?

पाच वर्षं होत आली, तरी 'लाइन 30' म्हटलं की माझं डोकं तापतं. अमेरिकेच्या इन्कम टॅक्स रिटर्नचा जो फॉर्म 1040, त्यावरची ही एक ओळ. 2020 आणि 2021 या दोन वर्षांच्या रिटर्नवर तिथे 'रिकव्हरी रिबेट क्रेडिट' भरायचं होतं. म्हणजे कोविडच्या काळात सरकारने वाटलेल्या मदतीचे, म्हणजे स्टिम्युलसचे, जे पैसे हातात पडायला हवे होते आणि पडले नाहीत, ते टॅक्स रिटर्नमधून मागून घ्यायचे. एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरवर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा) राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांसाठी ते पैसे मिळवायचा हा एकच रस्ता होता. त्याच रस्त्यावर टॅक्स सॉफ्टवेअरवाल्यांनी आणि आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, मिळून माणसांचा जीव काढला, आणि 'आमचं चुकलं' एवढं म्हणायलाही आजवर कुणी पुढे आलेलं नाही.

आधी कायदा काय होता ते सांगतो, कारण त्याशिवाय राग कळणार नाही. मार्च 2020 च्या केअर्स कायद्याने मोठ्या माणसाला 1,200 डॉलर आणि 17 वर्षांखालच्या मुलाला 500 डॉलर दिले. पण जॉइंट रिटर्न भरत असाल तर नवरा-बायको दोघांकडेही सोशल सिक्युरिटी नंबर ('सोशल') हवा, सूट फक्त सैन्यातल्या कुटुंबांना. एच-फोरवर आलेल्या बायकोला कामाची परवानगी नाही, म्हणून सोशल नाही, म्हणून रिटर्नवर तिच्या नावापुढे आयटिन, म्हणजे सोशल नसलेल्यांना टॅक्ससाठी मिळणारा नंबर. झालं, अख्खं घर बाद. माझ्या पगारातून सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, फेडरल, स्टेट सगळं दर पंधरवड्याला कापलं जातं. मुलगी 2019 मध्ये न्यू जर्सीतच जन्मलेली, अमेरिकेची नागरिक. तिचेही पाचशे डॉलर नाहीत, का, तर तिच्या आईकडे आयटिन आहे.

मग 27 डिसेंबर 2020 ला दुसरा कायदा झाला. माणशी 600 डॉलरचा दुसरा हप्ता आला आणि ही जाचक अट पहिल्या हप्त्यासाठीसुद्धा मागच्या तारखेपासून काढून टाकली. दोघांपैकी एकाकडे सोशल असेल तर त्याचे आणि सोशल असलेल्या मुलांचे पैसे मिळणार. आमचा हिशेब सरळ होता: माझे 1,200, मुलीचे 500, दुसऱ्या हप्त्याचे दोघांचे 600-600. एकूण 2,900 डॉलर. यात समजायला अवघड काय आहे? माझ्या बायकोने पाठकोऱ्या कागदावर दोन मिनिटांत केला हा हिशेब. पैसे घेऊन हेच काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो जमला नाही.

या सॉफ्टवेअरची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. फुकट म्हणून आत घ्यायचं, अर्ध्याहून जास्त माहिती भरून झाली की 'तुमच्यासाठी वरचं व्हर्जन लागेल' म्हणायचं, आणि स्टेटच्या रिटर्नचे पैसे वेगळे मागायचे. ते सगळे दिले. नियम त्यांना माहीत असतात, आपण फक्त खरी उत्तरं द्यायची, याच भरवशावर लोक पैसे मोजतात ना? मग ऐका त्यांनी काय विचारलं. तुमच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर नोकरीबाबत काही निर्बंध छापलेला आहे का? हो की नाही. माझ्यासारख्या एच-वनवाल्यांच्या कार्डावर 'व्हॅलिड फॉर वर्क ओन्ली विथ डीएचएस ऑथोरायझेशन' असं छापलेलं असतं, म्हणजे डीएचएसच्या (होमलँड सिक्युरिटी खात्याच्या) परवानगीनेच काम करता येईल. हा निर्बंध नाही तर काय आहे? खरं बोलणारा माणूस 'हो'च म्हणणार. आणि 'हो' म्हटलं की लाइन 30 शून्य.

वास्तविक नियम असा की कार्डावर 'नॉट व्हॅलिड फॉर एम्प्लॉयमेंट' असेल तर क्रेडिट नाही. डीएचएसची परवानगी लागते असं छापलेलं असेल, आणि ती परवानगी चालू असेल, तर तो नंबर पूर्ण वैध. दोन अगदी वेगळ्या गोष्टी, आयआरएसच्या सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलेल्या. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने त्या एका प्रश्नात कोंबल्या. कार्डावर नेमके कोणते शब्द आहेत एवढं विचारायला काय हरकत होती? बरं, शून्य केलं ते केलं, कारण तरी दाखवा! लाल खूण नाही, सूचना नाही, 'या उत्तरामुळे तुमचं क्रेडिट गेलं' असं एक वाक्य नाही. शेवटी हिरव्या अक्षरात 'तुमच्या रिटर्नमध्ये चूक आढळली नाही' असं मात्र आलं. घरात हिशेब मांडलेला होता म्हणून आमच्या लक्षात आलं. ज्यांनी मांडला नाही, ज्यांना दुसरा कायदा झाल्याचंच ठाऊक नव्हतं, त्यांनी ते शून्य तसंच पाठवून दिलं. मला जास्त संताप त्यांच्यासाठी येतो.

ते उत्तर बदलून 2,900 आले, तर ई-फाइल रिजेक्ट. कोड आयएनडी-031-04. मागच्या वर्षीचा एजीआय, म्हणजे रिटर्नवरचं समायोजित उत्पन्न, जुळत नाही म्हणे. कसा जुळेल? बायकोचा आयटिन पहिल्यांदा काढायचा तर डब्ल्यू-7 फॉर्म रिटर्नसोबत कागदावरच पाठवावा लागतो, ऑनलाइन चालत नाही. 2020 च्या मार्चमध्ये पाठवलेलं ते रिटर्न कोविडमुळे बंद पडलेल्या ऑफिसातल्या गठ्ठ्यात पडून होतं. आयटिन हातात आला, रिटर्नवर काही कुणी हात फिरवला नाही. अशा वेळी मागच्या वर्षीचा एजीआय म्हणून शून्य टाकायचं, हे आयआरएसनेच सांगितलेलं होतं. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर त्याचा उल्लेख नव्हता. तिथे पुन्हा पुन्हा एकच वाक्य: 'मागच्या वर्षीच्या रिटर्नवरचा आकडा बघून भरा.' तो आकडा बरोबर असूनच तर रिजेक्ट होत होतं!

असो. रिटर्न गेलं. मग सुरू झाला 'स्टिल बीइंग प्रोसेस्ड'चा काळ. त्या वर्षी आपल्या लोकांना ट्रान्सस्क्रिप्टवरचे, म्हणजे आयआरएसकडच्या आपल्या खात्याच्या उताऱ्यावरचे, कोड पाठ झाले: 570 म्हणजे अडकलं, 971 म्हणजे पत्र निघालं, 846 म्हणजे सुटलं. अडकलेल्या पैशांची वाट बघत माणसं रात्री बारा-बारा वाजता हे कोड वाचत होती. आम्हाला 570, मग 971, आणि मग पोस्टाने सीपी-12 नोटीस. तुमचा रिफंड आम्ही बदलला आहे, रिकव्हरी रिबेट क्रेडिट काढून टाकलं आहे.

का काढलं? त्या पत्रात पुढीलपैकी एक किंवा अधिक कारणं असू शकतात असं लिहून यादी दिलेली. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, किंवा मूल 17 वर्षांचं झालेलं असेल, किंवा उत्पन्न मर्यादेबाहेर असेल, किंवा गणित चुकलं असेल. माझ्याच रिटर्नवर निर्णय घेऊन, माझेच पैसे कापून, कारण मीच ओळखायचं? आमच्या बाबतीत यातलं एकही कारण लागू नव्हतं. आणि याहून वाईट पुढे आहे. अशा 'मॅथ एरर' नोटिशीला 60 दिवसांत हरकत घेता येते आणि हरकत घेतली की त्यांना तो बदल मागे घ्यावा लागतो, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. 2021 मध्ये गेलेल्या या क्रेडिटच्या लाखो नोटिशींमधून हे वाक्यच गळालं होतं. नंतर 6470 नंबरचं पत्र पाठवून त्यांनी ते कळवलं. तोवर 'सरकारने कापले म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असेल' म्हणून कितीजण गप्प बसले असतील, विचार करा. व्हिसावर राहणारा माणूस आधीच घाबरून असतो. ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना सरकारशी कोण वाद घालणार?

फोनचं तर बोलूच नका. 2021 च्या आर्थिक वर्षात आयआरएसला सुमारे 28 कोटी 20 लाख फोन गेले आणि माणसाने उचलले ते 3 कोटी 20 लाख. शंभरातले अकरा. हे मी म्हणत नाही, आयआरएसच्याच आतल्या टॅक्सपेअर ॲडव्होकेटने (करदात्यांची बाजू मांडणारं पद) अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, दिलेल्या अहवालात आहे. बाकीच्या एकोणनव्वदांनी संगीत ऐकलं आणि लाइन कट झाली.

सॉफ्टवेअर कंपनीचा फोन लागला. पलीकडची मुलगी नम्र होती, तिच्यावर माझा राग नाही. तिला जे बोलायला शिकवलं होतं त्यावर आहे. 'आम्ही टॅक्स सल्ला देत नाही, सर. तुम्ही आयआरएसशी बोला.' अरे, पण प्रश्न तुमचा, हिशेब तुमचा, चूक नसल्याची खूण तुमची! मग ती अचूकतेची शंभर टक्के हमी कुठे गेली? ती हमी नीट वाचा, प्रत्येकाने वाचा. सॉफ्टवेअरच्या हिशेबातल्या चुकीमुळे आयआरएसने दंड किंवा व्याज लावलं तर ते आम्ही भरू, एवढाच तिचा अर्थ आहे. हक्काचे पैसे मिळालेच नाहीत, किंवा वर्षभर अडकून पडले, तर त्यात दंड नाही, व्याज नाही, म्हणजे कंपनीची जबाबदारीही नाही. आणि ग्राहकाचं नुकसान नेमकं तिथेच होतं.

आम्ही पत्र लिहिलं, कायद्यातलं वाक्य घालून, रजिस्टर्ड पोस्टाने. बऱ्याच महिन्यांनी पैसे आले. पण हे लढायला वेळ आणि इंग्रजी आणि निर्ढावलेपण लागतं, आणि ते सगळ्यांकडे असावं अशी अपेक्षा करणं हाच अन्याय आहे.

पुढच्या वर्षी सुधारणा होईल असं वाटलं होतं. मार्च 2021 च्या कायद्याने तिसरा हप्ता दिला, माणशी 1,400. त्याची नोंद सांगणारं 6475 नंबरचं पत्र 2022 च्या सुरुवातीला आलं, आणि जॉइंट रिटर्नवाल्यांना ते नवरा-बायकोला वेगवेगळं, प्रत्येकाच्या पत्रात अर्धी रक्कम! सॉफ्टवेअर विचारतंय, 'तुम्हाला किती मिळाले? पत्र बघून भरा.' एक पत्र आधी आलं, दुसरं कुठे गेलं पत्ता नाही. लोकांनी हातातल्या पत्रातला आकडा भरला. रक्कम जुळली नाही, रिटर्न बाजूला काढलं, रिफंड अडकला. दोन्ही पत्रांची बेरीज करा, हे सॉफ्टवेअरने ठळक का लिहू नये? जॉइंट रिटर्न आहे हे त्याला पहिल्या पानापासून माहीत आहे.

तिकडे विद्यार्थ्यांचं उलटंच. एफ-वनवर आलेली आपली मुलं पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या दृष्टीने नॉनरेसिडेंट, त्यांनी 1040-एनआर भरायचा आणि स्टिम्युलस त्यांना लागूच नाही. पण घरोघरी वापरतात त्यातली बहुतेक सॉफ्टवेअरं हा फॉर्म बनवतच नाहीत, आणि 'तुमचा व्हिसा कोणता?' हा साधा प्रश्न पहिल्याच पानावर विचारत नाहीत. मुलाने साधा 1040 भरला, सरकारने पैसे पाठवून दिले, आणि मग कुणीतरी सांगितलं की हे व्हिसावर येऊ शकतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने दुरुस्तीचं रिटर्न भरून पैसे परत केले. कित्येक रात्री झोपला नव्हता तो. पोराचं काय चुकलं होतं? त्याने तर पैसे मागितलेही नव्हते.

आणि आता ज्या गोष्टीने माझा तोल जातो ती. कुणाला किती चेक पाठवला हे आयआरएसकडे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. त्याच नोंदीशी ताडून त्यांनी आमचे आकडे बदलले, रिफंड अडवले. मग आम्हाला विचारलंच का? उत्तर ज्याच्या खिशात आहे त्याने परीक्षा घ्यायची आणि चुकलं की पैसे कापायचे, ही कुठली पद्धत? ज्याने लाइन 30 भरली नाही त्याचंही गणित त्यांना करता येत होतं, हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलं. डिसेंबर 2024 मध्ये आयआरएसने जाहीर केलं की 2021 च्या रिटर्नवर ही ओळ कोरी किंवा शून्य ठेवलेल्या साधारण दहा लाख लोकांना आपण होऊन पैसे पाठवणार, एकूण 240 कोटी डॉलर. अर्ज नको, दुरुस्तीचं रिटर्न नको. तीन वर्षांनी जे जमलं ते तेव्हा का जमलं नाही?

आणि तेही फक्त 2021 साठी. 2020 च्या लाइन 30 साठी, म्हणजे केअर्स कायद्याने आधी बाद केलेल्या आणि मग पात्र ठरवलेल्या आयटिनवाल्या घरांसाठी, काहीही नाही. त्या वर्षाची मुदत मे 2024 मध्ये संपली. डॅलसजवळ राहणारा माझा एक मित्र, बायको एच-फोरवर, दोन मुलं इथेच जन्मलेली. सॉफ्टवेअरने शून्य दाखवलं, चूक नाही असं सांगितलं, त्याने विश्वास ठेवला. त्याचे 1,200, मुलांचे 1,000, दुसऱ्या हप्त्याचे 1,800. चार हजार डॉलर. हे त्याला कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती. कंपनी म्हणते आयआरएसला विचारा, आयआरएस म्हणतं मुदत संपली. त्या चार हजारांचा जाब त्याने नेमका कुणाला विचारायचा, ते सांगा मला कुणीतरी.