‘धावलात कुठे, चाललात!’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री परतीच्या लोकलमध्ये वाचली आणि खरं सांगते, आधी डोकंच फिरलं. डोंबिवली येईपर्यंत फणकाऱ्यात पाच-सहा ओळी टाइप करून झाल्या होत्या. मग घरी आले, कुकर लावला, तीन शिट्ट्या होईपर्यंत तुमचं परत एकदा वाचलं आणि त्या ओळी पुसून टाकल्या. तुमच्या म्हणण्यातलं निम्मं बरोबर आहे हो. उरलेल्या निम्म्यासाठी हे उत्तर, आणि खालच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: या १५ जानेवारीच्या (२०२३) मुंबई मॅरेथॉनवर मी ‘मी मॅरेथॉन धावले’ अशी पोस्ट लिहिली होती. त्यावर काकांचं म्हणणं असं की ६ तास २१ मिनिटं म्हणजे धाव नव्हे, प्रभातफेरी. शेवटचे ११ किलोमीटर चालले हे मीच कबूल करते, मग ‘धावले’ कशाला लिहिते? ते स्वतः ८० च्या दशकात पुण्याला कॅनव्हासचे बूट घालून ३ तास २४ मिनिटांत संपवायचे, आणि चार तासांच्या वर गेले असते तर मित्रांना तोंड दाखवलं नसतं. आता येईल त्याला मेडल, तुमच्यासारख्यांमुळे मुंबई दुपारपर्यंत अडकून पडते, आणि हल्ली तर ५ किलोमीटरलाही मॅरेथॉन म्हणतात, सगळी थट्टा चाललीय. शेवटची ओळ अशी होती की आता गुडघ्यांमुळे ते मैदानाला दोन फेऱ्या चालतात, बस्स.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तिथे आपलं भांडणच नाही. आमच्याच एरियात २६ जानेवारीला ‘३ किमी भव्य मॅरेथॉन’ झाली, तिच्या बॅनरवरचे फोटो मोजले असते तर तेच बेचाळीस भरले असते. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हाफला (म्हणजे निम्म्या अंतराच्या शर्यतीला) हाफ म्हणा, बाकीच्याला दौड म्हणा, मराठीत इतका छान शब्द आहे. ऑफिसमध्ये “तुझी कितीची मॅरेथॉन होती गं?” असं विचारलं की मीही दातओठ खाते.

आता चालण्याचं. आधी जरा तयारीबद्दल सांगते, सबब म्हणून नाही. मी ४४ वर्षांची, जुलैपासून प्रॅक्टिस केली, रविवारचे लाँग रन वाढवत वाढवत ३२ पर्यंत न्यायचे होते पण डिसेंबरात व्हायरल तापाने पंधरा दिवस खाल्ले आणि गाडी २६ वरच अडकली. म्हणजे २६ च्या पुढचं मला काहीच माहीत नव्हतं. रेसच्या दिवशी पहाटे कल्याणहून स्पेशल लोकल सोडतात, ती पकडली. अख्खा डबा बिब (छातीवरचा नंबराचा कागद) लावलेल्यांचा, कोणी केळं सोलतंय, कोणी सेफ्टी पिना तोंडात धरून शेजारणीचा बिब सरळ करतंय, पेनकिलर स्प्रेचा वास असा की झोप उडावी. एरवी ह्याच गाडीत चौथी सीट मिळावी म्हणून भांडणारी माणसं त्या दिवशी एकमेकांना खजूर वाटत होती.

आणि मग मी तो गाढवपणा केला. प्रॅक्टिसला माझा वेग किलोमीटरला आठ मिनिटं, पण पहिले १० किलोमीटर मी १ तास ८ मिनिटांत मारले. सीएसएमटीवरून सुटताना गर्दी ढकलत नेते, रस्त्यावर दिवे, एक गाडी नाही, मरीन ड्राइव्हला समुद्राचा वारा, बँडवाले ढोल बडवतायत, वाटतं आज आपल्यात काहीतरी संचारलंय. सी लिंकवर पोचले तेव्हा अजून अंधारच होता, पलीकडे उतरेपर्यंत उजाडलं. साडेपाच किलोमीटरचा पूल, एरवी तिथे पायी पाऊल ठेवायला बंदी, आणि मी फोटोला सुद्धा थांबले नाही, का तर ‘ॲव्हरेज बिघडेल’. सी लिंकवर वाचवलेल्या त्या मिनिटांचं व्याज मी पेडर रोडला भरलं, चक्रवाढ.

माहीमच्या पुढे मागून मोटरसायकली आल्या, मग घड्याळ लावलेली गाडी, आणि मग ते. एलिट लोक, म्हणजे जिंकायला आलेले अव्वल धावपटू, आमच्या नंतर दोनेक तासांनी सुटतात, तरी तिथे येऊन आम्हाला गाठतात. चार-पाच जण होते. काका, आवाजच नाही हो. आमच्या बुटांचा फटक फटक आवाज येत असतो, ह्यांचा नुसता श्वास ऐकू आला आणि गेले. त्यातलाच एक, इथिओपियाचा हायले लेमी, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत जिंकला, मुंबईचा नवा विक्रम, हे मला घरी आल्यावर कळलं. सांगायचं काय, तर खरं धावणं कसं दिसतं ते मी दोन हातांवरून पाहिलंय, त्यामुळे मी काय करत होते ह्याबद्दल माझा काही गैरसमज नाही.

वरळीला, ३१ च्या पाटीच्या जरा पुढे, उजव्या पोटरीत गोळा आला. साधा नाही. मी खाली बघितलं तर कातडीखाली उंदीर फिरावा तसा स्नायू स्वतःचा स्वतः हलत होता, माझा पाय असून माझ्या हुकमात नाही. बॅरिकेड धरून उभी राहिले, तोंडातून आवाज फुटेना. तिथे ड्यूटीला एक महिला पोलीस होत्या, माझ्याहून लहान असतील. त्या आल्या, खाली बसल्या आणि माझा घामट, चिकट बूट सरळ हातात धरून म्हणाल्या, “ताई, टाच खाली दाबा, बोटं वर ओढा, श्वास सोडा.” मिनिटभरात सुटला. मी थँक्यू म्हणायच्या आत त्या शिट्टी मारत एका स्कूटरवाल्याच्या मागे गेल्या होत्या.

तुम्ही जुने रनर आहात, तुम्हाला काय सांगायचं, पण इतर वाचतील म्हणून लिहिते: शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, साधारण ३०-३२ किलोमीटरपर्यंत पुरते, आणि सुरुवातीला जितकं जोरात पळाल तितकी ती आधी संपते. मग इंजिन चरबीवर चालायला लागतं आणि ते काम सावकाश. ह्यालाच रनर लोक ‘वॉल लागली’ म्हणतात. माझी वॉल मी १० व्या किलोमीटरलाच बांधायला घेतली होती, आदळले ३१ ला.

पुढचे ११ किलोमीटर मला जवळजवळ अडीच तास लागले. हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ, जो जाताना जाणवलासुद्धा नव्हता. मी दिव्याचे खांब मोजत होते, दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं, मग एक पळायचं, पाच चालायचं. जसलोकच्या अलीकडे एक गुजराती आजी फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा, त्यात सोललेली संत्री आणि डब्याच्या झाकणात मीठ. फोड मिठात बुडवून हातात देत होत्या. मी दोन घेतल्या, त्यांनी तिसरी स्वतःच तोंडात कोंबली. केम्प्स कॉर्नरचा उतार तर चढापेक्षा वाईट, मांड्यांना भोकं पडल्यासारखी. आणि मरीन ड्राइव्ह! फिरायला जातो तेव्हा जी कमान इतकी देखणी वाटते ना, ती अकरा वाजताच्या उन्हात आख्खीच्या आख्खी समोर दिसत राहते आणि जवळ काही येत नाही.

तर हो, चालले. पण पोस्ट लिहिताना जे मला नीट सांगता आलं नाही ते तुमच्यामुळे आत्ता सुचतंय. मी चालले ही माझी चूक नाही, उशिरा चालायला लागले ही चूक. जेफ गॅलोवे म्हणून एक अमेरिकन, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला १०,००० मीटर धावलेला, म्हणजे आपल्यासारखा हौशी नव्हे. तो सत्तरच्या दशकापासून लोकांना हेच शिकवत आला की पहिल्या किलोमीटरपासून ठरवून मध्ये मध्ये चाला, दमल्यावर नाही, दमायच्या आधी. मी ते वाचलं होतं आणि “छे, आपण काय म्हातारे आहोत का” म्हणून सोडून दिलं होतं. म्हणजे बघा, तुमचंच मत तेव्हा माझंही होतं.

आणि ‘खरी मॅरेथॉन’ म्हणाल तर ज्या शर्यतीतून हे ४२.१९५ चं अंतर आलं, ती १९०८ ची लंडनची. इटलीचा डोरांडो पिएत्री पहिला स्टेडियममध्ये आला, आधी उलट्या दिशेलाच वळला, मग पुन्हा पुन्हा पडला, शेवटच्या साडेतीनशे मीटरला त्याला दहा मिनिटं लागली. त्याला बाद केलं, पण पडला म्हणून नाही की हळू आला म्हणून नाही, उठवायला अधिकाऱ्यांनी हात दिला म्हणून. (त्या हिशेबाने माझा बूट धरणाऱ्या पोलीसताईंमुळे मीही बादच, हा मुद्दा तुम्ही काढायच्या आत मीच काढते.) आपले फौजा सिंग २०११ मध्ये टोरंटोला ८ तास ११ मिनिटांनी आले, वय वर्षं १००. त्यांना प्रभातफेरी म्हणायची माझी तरी टाप नाही.

मेडलबद्दल: ते नंबराचं नाहीच हो, पोचल्याची पावती आहे. नंबरात येणाऱ्यांना डॉलरमध्ये बक्षीस मिळतं, त्यात माझ्यामुळे एक सेंट कमी होत नाही. इथे वारीचं उदाहरण देणार होते पण ते सगळेच देतात, आणि वारकरी काही बुटाला टायमिंग चिप लावून निघत नाहीत, मी बिबवर लावली होती, तेव्हा घड्याळ मी मान्य केलंय. ६:२१ तर ६:२१.

रस्ते अडण्याचा मुद्दा मात्र लागला. आमच्या मागून रस्ते मोकळे करत येतात हे खरं, तरी माझ्यासारख्यांसाठी कोणीतरी बंदोबस्तवाला पहाटेपासून दुपारपर्यंत उन्हात उभा असतो हेही खरंच, आणि कोणाची तरी रविवारची ड्यूटी, कोणाचं हॉस्पिटल त्या नाक्यावर अडतं. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. आणखी एक कबुली, जी पोस्टमध्ये नव्हती: बांद्र्याला मी दोन मुलींशी गप्पा मारत तिघी एका ओळीत पळत होतो, मागून साडेपाच तासांची पेसरची बस आली (बाहेरच्यांसाठी: बस म्हणजे ठरलेल्या वेळेच्या वेगाने झेंडा घेऊन पळणारा पेसर आणि त्याच्या मागे चिकटलेला घोळका), ते “लेफ्ट, लेफ्ट” ओरडतायत आणि आम्हाला पत्ता नाही. एक जण दुभाजकाला धडकता धडकता वाचला. हळू असण्याबद्दल मला लाज नाही, पण त्याबद्दल आहे.

पण तुमचं एक वाक्य मला पटलं नाही ते नाहीच. “मित्रांना तोंड दाखवलं नसतं.” तुम्ही गंमतीत लिहिलं असेल. आमच्या ग्रुपमध्ये दोघी जणी आहेत, हाफची फी भरून, सहा महिने पहाटे साडेचारला उठून, डबे करून, ट्रॅकवर येऊन तयारी केली आणि ऐन वेळी बिब घ्यायलाच गेल्या नाहीत, “शेवटची आले तर?” म्हणून. एकीच्या घरी तर नवऱ्याने विचारलंही होतं, की कितवा नंबर येणार तुझा, नाहीतर कशाला जातेस. तुम्ही ३:२४ ला पोचलात, मानलंच पाहिजे, ते मला सात जन्मात जमणार नाही. पण तोंड दाखवता येणार नाही म्हणून तुमच्या वेळी किती जण सुरूच झाले नसतील? आणि त्यात बायका किती असतील? हे टोमणा म्हणून विचारत नाही, खरंच आठवत असेल तर सांगा, पुण्याला तुमच्या आजूबाजूला किती बायका पळत होत्या.

शीर्षक मी बदललंय. आता तिथे ‘३१ धावले, ११ चालले’ असं आहे, जाऊन बघा. जुनं शीर्षक खाली कंसात ठेवलंय, नाहीतर तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला कळायचं नाही की काका चिडले कशावर. प्रतिक्रियाही काढलेली नाही आणि काढणार नाही, आणि तिच्याखाली ज्या दोघांनी तुम्हाला वेडंवाकडं लिहिलं होतं ते मात्र उडवलंय.

मैदानाच्या दोन फेऱ्यांचं टायमिंग मी विचारणार नाही. पण एक विचारायचंय. परवा मोजा काढताना उजव्या अंगठ्याचं नख मोज्यासकट निघून आलं, डावं काळंनिळं होऊन वाट बघतंय, आणि माझे बूट साडेसहा हजारांचे होते. तुम्ही त्या कॅनव्हासच्या बुटात बेचाळीस किलोमीटर पळून नखं कशी टिकवलीत? एक नंबर मोठा बूट घ्यायचात, की आत काही घालायचात? जमलं तर सविस्तर लिहा.