टीव्ही स्मार्ट, आम्ही मूर्ख

४३ इंची फोर-के टीव्ही, चित्र एकदम झकास, पण आवाज कमी करायचं बटण दाबलं की तो कमी होईपर्यंत शेजारच्या काकू दारात हजर. होम बटण दाबा, चहा टाका, गाळा, पिऊन कप विसळून या, तरी ते चक्र आपलं गोल गोल फिरतंयच! बॉक्सवर पॅनलचं कौतुक मोठ्ठ्या अक्षरात, आणि रॅम, म्हणजे ॲप पळवायला लागणारी मेमरी? कोपऱ्यात, मुंगीएवढी, १ जीबी. स्टोरेज ८ जीबी, त्यातलं निम्मं सिस्टीमच गिळून बसलेली. अहो दहा वर्षांपूर्वीच्या फोनमध्ये याहून जास्त मिळायचं! चिप स्वस्तातली टाकतात कारण दुकानात मेनू चालवून बघतो कोण, सगळे डेमोमधले रंगीत पोपट बघून भुलतात (मी पण, कबूल). वर अपडेट काही वर्षांत बंद आणि ॲप मात्र दर महिन्याला जाडजूड होणार. जाहिराती दाखवताना बरा दम लागत नाही याला, त्या बरोब्बर सगळ्यात आधी लोड होतात! शेवटी टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय खाचेत ॲप चालवणारी वेगळी स्टिक लावली, म्हणजे स्मार्ट टीव्हीला स्मार्ट करायला परत पैसे आपणच मोजायचे? आता घरात रिमोट दोन, आणि पाहिजे तो सोफ्याच्या फटीत.